दादांच्या बाजूची माती : बेचाळिसाव्या वर्षी टेनिस शिकायला आलेल्या एका खेळाडूचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात मी एका मातीच्या कोर्टावर टेनिस शिकवते. सकाळी सहाला मोठ्यांची बॅच असते, संध्याकाळी मुलांची. २०२२ मध्ये आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळली. त्या वर्षानंतर मुलांना घेऊन येणाऱ्या आईबापांच्या प्रश्नांचा सूरच बदलला. आधी विचारायचे, "ह्याचा उपयोग काय?" आता विचारतात, "सुरुवात कुठल्या वयात करायची?" पण मोठी माणसं स्वतः शिकायला अजूनही कमीच येतात. आली तरी पाच-सहा आठवड्यांत गळतात. ती का गळतात, हे मला या एका प्रकरणातून बरंचसं कळलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. ज्यांचं प्रकरण आहे त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना मी दादा म्हणते, इथंही तेच म्हणेन.

दादांचं वय बेचाळीस. उद्यमनगरात स्वतःचं लहानसं मशिन शॉप, तीन लेथ, चार माणसं. मुलीला संध्याकाळच्या बॅचला सोडायला यायचे आणि तासभर कठड्यावर बसून बघत राहायचे. दिवाळीनंतर एक दिवस म्हणाले, "मॅडम, आमच्यासारख्यांचं काय वय गेलं म्हणायचं का अजून जमंल?" पावसाळ्यात बंद राहिलेलं कोर्ट नुकतंच नवा मुरूम टाकून, रोलर फिरवून तयार झालं होतं. मी म्हटलं, सोमवारी सहाला या.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते तसं त्यांनाही विचारलं, "आधी काय खेळलायसा?" ते म्हणाले, "क्रिकेट की. गल्लीत, टेनिस बॉलवर." मी वहीत 'क्रिकेट' लिहिलं आणि पुढं गेले. हा एक शब्द लिहून मी थांबले, त्याची किंमत पुढं तीन महिने मोजावी लागली.

अडचण

पहिल्या तीन आठवड्यांत दादांचा फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूनं मारलेला फटका, दोनच ठिकाणी जायचा. एक तर उजवीकडच्या कुंपणाच्या जाळीत, नाहीतर बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेच्या, पलीकडं लांब. दहातले तीन बॉल कोर्टात पडले तर चांगला दिवस. रॅली, म्हणजे न चुकता सलग चाललेली बॉलची देवाणघेवाण, चारच्या पुढं जायची नाही. ताकद मात्र भरपूर. रॅकेट अशी आवळून धरायचे की तासाभरानं बोटांच्या पेरांवर पांढरे वळ दिसायचे. लेथच्या चकची, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या भागाची, चावी पिळणारा हात तो, सैल धरणं त्याला ठाऊकच नव्हतं.

इथं थोडा हिशेब मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टेनिसचं कोर्ट ७८ फूट लांब असतं. मी बेसलाइनवरून ताशी ५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अगदी हळू बॉल दिला, तरी टप्पा पडून तो समोरच्यापर्यंत पोचायला दोन सेकंदांच्या आसपासच लागतात. तेवढ्यात बॉल उजवीकडं आहे की डावीकडं हे ओळखायचं, खांदे वळवायचे, रॅकेट मागं न्यायची, चार-पाच पावलं टाकून अंतर नीट करायचं आणि बॉल शरीराच्या पुढं असताना मारायचा. सरावलेला खेळाडू यातलं पहिलं अर्धं काम बॉल नेट ओलांडायच्या आत उरकतो. नवा माणूस बॉल टप्पा घेईपर्यंत बघत राहतो. मग उरलेल्या अर्ध्या सेकंदात सगळं एकदम करायला जातो आणि तो भार एकट्या हातावर येतो.

दादांचं नेमकं हेच होत होतं. बॉल उजवीकडच्या जाळीत जाणं ही त्याची उघड खूण होती. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा फोरहँड सारखा उजवीकडं जातो, तेव्हा बॉल उशिरा, शरीराच्या बाजूला किंवा मागं लागतो आहे असं समजायचं. बॉल कुठल्या दिशेला जातो यावरून वेळ कळते, किती उंच जातो यावरून रॅकेटचा कोन कळतो. मुलांच्या बॅचला मी हे दर आठवड्याला सांगते. दादांच्या बाबतीत मात्र मी उंचीकडं बघत बसले.

पहिला निर्णय, आणि तो कसा चुकला

चौथ्या आठवड्यात मी त्यांची ग्रिप, म्हणजे रॅकेट धरायची पकड, बदलली.

माझा विचार असा होता. बॉल लांब जातोय, म्हणजे रॅकेटचं तोंड आभाळाकडं उघडं पडतंय. रॅकेटच्या दांड्याला आठ पैलू असतात. तर्जनीच्या बुडाचं हाड तिसऱ्या पैलूवर आलं की ईस्टर्न ग्रिप होते, म्हणजे हात मिळवतो तशी, नवशिक्याला सोपी. दादांची जवळपास तशीच होती. मी ती एक पैलू फिरवून सेमी-वेस्टर्न केली. त्यानं रॅकेटचं तोंड थोडं झाकतं, बॉलला वरून फिरकी मिळते आणि तो कोर्टात उतरतो.

पुस्तकी हिशेबात यात काही चूक नाही. पण सेमी-वेस्टर्न ग्रिपनं बॉल ईस्टर्नपेक्षाही पुढं घ्यावा लागतो, म्हणजे तयारी आणखी लवकर लागते. ज्याला आधीच वेळ पुरत नाही त्याच्याकडून मी आणखी वेळ मागितला. लांब जाणारे बॉल नेटमध्ये जायला लागले. दादांनी त्यावर आपल्या परीनं उपाय काढला : रॅकेट अजून घट्ट धरली आणि शेवटच्या क्षणी मनगटानं बॉल उचलायला सुरुवात केली. गल्ली क्रिकेटमध्ये लेग साइडला फ्लिक मारतात ना, अगदी तसा.

डिसेंबरात ते स्वतःसाठी रॅकेट घेऊन आले. दुकानदारानं "प्रो लोकांची" म्हणून दिली होती. वजन ३१५ ग्रॅम, पॉलिएस्टरची तार ५६ पौंडांवर ओढलेली. जोरात मारणाऱ्या आणि बॉल रॅकेटच्या मधोमध घेणाऱ्या खेळाडूसाठी ती रॅकेट उत्तम आहे. नव्या माणसाचा बॉल मात्र कधी कडेला लागतो, कधी टोकाला, आणि ताठ तारेचा प्रत्येक हादरा थेट कोपरात उतरतो. मला हे माहीत होतं. दादा इतक्या कौतुकानं ती दाखवत होते की मी काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

कोपर

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दादा डाव्या हातानं चहाचा कप धरून उभे दिसले. विचारल्यावर म्हणाले, "काय न्हाई, जरा कळ येतीया." कोपराच्या बाहेरच्या हाडाशी बोट ठेवून दाखवलं. कप उचलताना, किल्ली फिरवताना, कुणाशी हात मिळवताना तिथून कळ निघत होती. चक आवळायचं काम आठवडाभर पोराला सांगत होते. मला मात्र बोलले नव्हते, कारण बोललो तर मॅडम खेळ बंद करतील ही भीती.

हाडवैद्याकडं जातो म्हणाले, मी आग्रहानं अस्थिरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. निदान अपेक्षित तेच निघालं, टेनिस एल्बो. मनगट वर उचलणारे स्नायू ज्या कंडरेनं कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात, ती कंडरा ताणानं दुखावते. टेनिस न खेळणाऱ्यांनाही हे होतं. पाना, पेचकस, हातोडी दिवसभर चालवणाऱ्यांत बरंच दिसतं. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरला याच दुखण्यानं मैदानाबाहेर बसवलं होतं, त्यामुळं हा शब्द आपल्याकडं घरोघरी पोचलेला आहे. दादांच्या बाबतीत कारणं दोन होती : दिवसभर कारखान्यात पिळणारा हात आणि सकाळी तासभर आवळून धरलेली जड रॅकेट. डॉक्टरांनी तीन आठवडे रॅकेटला हात लावू नका म्हणून सांगितलं आणि फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. तिथं हलकं वजन धरून मनगट सावकाश खाली सोडायचा व्यायाम मिळाला.

दादा मला म्हणाले, "म्हणजे संपलंच की आमचं." मोठी माणसं गळतात ती इथंच, असं मला वाटतं. दुखणं निमित्त असतं. तीन महिने घाम गाळूनही आपल्याला जमत नाही हे मनात घर करून बसलेलं असतं, आणि दुखण्यानं सुटायला एक सन्मानाची वाट मिळते.

मामांचं बोलणं

आमच्या कोर्टाची निगा राखणारे मामा आहेत. पहाटे पाणी मारणं, रेघा ओढणं, दर तासानंतर गोणपाट ओढून माती सपाट करणं हे सगळं तेच करतात. दादा डॉक्टरांकडं गेले त्या दिवशी मी मामांना सहज म्हटलं, दादा आता काही दिवस यायचे नाहीत. मामा गोणपाट ओढता ओढता म्हणाले, "मग काय, तेवढंच एका बाजूचं काम कमी. तसंबी त्यांच्या बाजूला गोणपाट फिरवायची गरजच पडत नव्हती. दोन खड्डं असायचं, बास."

ते नेटच्या दुसऱ्या बाजूला गेले तरी मी तिथंच उभी होते. मातीच्या कोर्टाचं हेच तर वैशिष्ट्य आहे, तासभर काय घडलं ते माती लिहून ठेवते. नीट हललेल्या खेळाडूच्या बाजूला पावलांचे ओरखडे, घसरल्याचे लांब पट्टे आणि लहान लहान पावलांची नक्षी दिसते. दादांच्या बाजूला बेसलाइनच्या मधोमध टाचेचे दोन खोल खड्डे असायचे. बॅट्समन क्रीजवर गार्ड घेऊन उभा राहतो, तसे. मी रोज त्या खड्ड्यांवरून चालत जात होते.

फोनमध्ये डिसेंबरचा एक व्हिडिओ होता, ग्रिप बरोबर आहे का ते बघायला काढलेला. या वेळी हाताकडं न बघता तो एक-एक चित्र थांबवत पाहिला. बॉल नेटवर आहे, दादांची रॅकेट पोटासमोर आहे. बॉल टप्पा घेतोय, रॅकेट अजून पोटासमोरच आहे. बॉल उसळून कमरेपाशी आला आणि तिथून पुढं रॅकेट मागं जाऊन परत येते. पाय शेवटपर्यंत त्या दोन खड्ड्यांतच.

म्हणजे ग्रिप, मनगट, कोपर या सगळ्या पुढच्या गोष्टी होत्या. मूळ अडचण पायांत होती, आणि पायांच्या अडचणीच्या मुळाशी वेळ होता.

समोर असलेले पर्याय

चार वाटा मी खरोखर तोलून पाहिल्या.

पहिली वाट म्हणजे तीन आठवडे पूर्ण विश्रांती आणि मग होतं तसंच पुढं चालू. डॉक्टरांच्या दृष्टीनं यात गैर काही नव्हतं. पण कारण तसंच राहिलं असतं, आणि तीन आठवडे घरी बसलेला माणूस परत येतोच असं नाही.

दुसरी वाट, फक्त साहित्य बदलायचं. हलकी रॅकेट, मऊ तार, योग्य मापाचा दांडा. हे करायचंच होतं. पण एवढ्यावर थांबणं म्हणजे गाडी एका बाजूला ओढते म्हणून फक्त टायर बदलण्यासारखं झालं असतं.

तिसरी वाट, एकट्याची शिकवणी. मी समोर उभी राहून बरोबर हाताशी बॉल द्यायचा. यात लगेच बरं वाटतं, बॉल कोर्टात पडायला लागतात. पण हातात आणून दिलेल्या बॉलसाठी पाय हलवावेच लागत नाहीत. दादांना ज्याची गरज होती तेच यातून सुटलं असतं.

चौथी वाट, मंद बॉल आणि लहान कोर्ट. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं २००७ पासून नव्या खेळाडूंसाठी, मोठ्यांसाठीसुद्धा, ही पद्धत जोरानं पुढं आणली. २०१२ पासून १० वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये असे बॉल सक्तीचेच झाले. हिरव्या ठिपक्याचा बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा २५ टक्के मंद असतो, नारिंगी ५० टक्के आणि लाल ७५ टक्के. उसळीही कमी, त्यामुळं बॉल खांद्यावर न येता कमरेपाशी येतो. दादांना जो वेळ मिळत नव्हता, तो या बॉलनं विकत घेता आला असता. अडचण एकच होती : हे बॉल संध्याकाळच्या बॅचमधली आठ-नऊ वर्षांची मुलं वापरतात, आणि दादांची मुलगी त्याच बॅचमध्ये.

मी चौथी आणि दुसरी वाट एकत्र घ्यायचं ठरवलं. पण सुरुवात बॉलनं केली नाही, कारण तीन आठवडे रॅकेट बंदच होती.

काय केलं

दादांना फोन केला. म्हटलं, रॅकेट आणू नका, पण उद्या सहाला या. कोपराला काही होणार नाही, याची जबाबदारी माझी.

काम सोपं होतं. मी पलीकडून हातानं बॉल टाकायचा आणि दादांनी तो एका टप्प्यानंतर डाव्या हातानं, कमरेच्या उंचीवर, शरीराच्या पुढं झेलायचा. उजवा हात मोकळा. पुढं झेलायचा तर पाय हलवल्याशिवाय गत्यंतर नाही.

पहिले दहा-बारा बॉल सोडले तर जे दिसलं ते मला अपेक्षित नव्हतं. बॉल माझ्या हातातून सुटायच्या क्षणी दादा दोन्ही चवड्यांवर हलकेच उचलले जात होते आणि उतरताच बॉलच्या दिशेनं निघत होते. टेनिसमध्ये याला स्प्लिट स्टेप म्हणतात. शिकवायला मला महिने लागतात, आणि हा माणूस ती न सांगता करत होता. मी थांबून विचारलं, "दादा, हे कुठं शिकलासा?"

"ह्ये होय? गोलकीपर होतो की मी. तालमीच्या टीममधनं सहा वर्षं खेळलोय. शाहू स्टेडियमवर पेनल्टी वाचवलीया मॅडम, पब्लिक आत यायचं बाकी होतं."

जिथं तालमींच्या फुटबॉल टीम असतात त्या कोल्हापुरात राहून, शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाला मी फुटबॉलबद्दल विचारलं नव्हतं. आणि त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते बॅटनं खेळायच्या खेळाशी क्रिकेटचा संबंध, फुटबॉलचा काय? रॅकेट हातात आली की ते बॅट्समन होत आणि गार्ड घेऊन उभे राहत. रॅकेट काढून घेतली तेव्हा आतला गोलकीपर जागा झाला. एकाच शरीरात दोन खेळांच्या सवयी होत्या आणि मी तीन महिने नको त्या सवयीशी झगडत होते.

त्या दिवसापासून माझी भाषा बदलली. "तयार राहा", "लवकर वळा" असल्या सूचना बंद केल्या. मी बॉल मारायच्या क्षणी फक्त एकच शब्द म्हणायचा : "पेनल्टी." दादा उचलले जायचे. तीन आठवडे रोज पाऊण तास असंच. शेवटच्या आठवड्यात झेल अधिक रुंद केले. हात लांबवून झेललेला बॉल निसटतो आणि जवळ जाऊन झेललेला हातात बसतो, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. म्हणाले, "टूल पोस्टातनं जास्त बाहेर काढलं की चॅटर मारतंय, तसंच हाय हे." लेथवर टूलची लांबी जास्त बाहेर आली की ते थरथरतं आणि जॉबवर चरे उमटतात. हात शरीरापासून किती लांब असावा, हे मला यापेक्षा नेमकं कधी सांगता आलेलं नाही.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी परवानगी दिली. दादांची रॅकेट घरी ठेवायला लावली आणि माझी २७५ ग्रॅमची दिली. तार मऊ, नायलॉनची, ५० पौंडांवर. दांड्याचं माप असं बघितलं : रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा उंचवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. त्यांच्या रॅकेटमध्ये ते मावत नव्हतं. दांडा बारीक होता, म्हणूनही मूठ जास्त आवळली जात होती. ग्रिप परत ईस्टर्न केली. बॅकहँड, म्हणजे दुसऱ्या बाजूचा फटका, दोन हातांचा केला, म्हणजे उजव्या कोपरावरचा भार डावा हात वाटून घेईल.

मग नारिंगी बॉलची पिशवी काढली. दादांनी बघितलं आणि गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरांच्या बॉलनं खेळू व्हय मी?"

मी समजावत बसले नाही. चुन्यानं दोन्ही बेसलाइन नऊ-नऊ फूट आत घेतल्या, कोर्ट ६० फुटांचं झालं, आणि म्हटलं, मीही याच बॉलनं खेळते. चला, दहा बॉलांची रॅली करू. चौथ्या प्रयत्नात चौदा झाली. तीन महिन्यांत चारच्या पुढं न गेलेला माणूस चौदा वेळा बॉल नेटपलीकडं पाठवून थांबला आणि नेटपाशी येऊन नुसता उभा राहिला. बॉलच्या रंगाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतरचं काम शांतपणे झालं. सगळ्या रॅली तिरक्या, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात. नेट खांबाशी साडेतीन फूट आणि मध्ये तीन फूट उंच असतं, त्यामुळं तिरका बॉल सहा इंच खालच्या जागेवरून जातो. शिवाय तिरक्या दिशेनं कोर्ट साडेचार फुटांनी लांब मिळतं. नवशिक्याला दोन्ही बाजूंनी सवलत. फोरहँडसाठी एवढीच अट होती : बॉल नेट ओलांडायच्या आत डावा खांदा माझ्याकडं दिसला पाहिजे. सर्व्हिसला हातोडी धरतात तशी पकड घ्यायला सांगितली. उद्यमनगरच्या माणसाला ती वेगळी शिकवावी लागली नाही, पण बॉल सरळ वर फेकणं अजूनही जमलेलं नाही.

मार्चमध्ये माझ्याकडून आणखी एक चूक झाली. हिरव्या बॉलवर जेमतेम एक आठवडा झाला होता. बॅचमधले बाकीचे नेहमीच्या बॉलनं मॅच खेळत होते. दादा म्हणाले, "आता आम्हालाबी घ्या की त्यांच्यात." त्यांचा उत्साह बघून मी हो म्हटलं. तीन दिवसांत ते दोन खड्डे मातीत परत दिसायला लागले. बॉल पुन्हा वेगानं यायला लागला, तसा बॅट्समन परत आला. कोपर थोडं कुरकुरलं. मी त्यांना खड्डे दाखवले, फोटो काढून फोनवरही पाठवले आणि हिरव्या बॉलवर परत आणलं. या वेळी पूर्ण पाच आठवडे.

निष्पत्ती

मेअखेरीस, पावसाआधी कोर्ट बंद झालं तेव्हाची स्थिती अशी. हिरव्या बॉलनं तिरकी रॅली वीसच्या वर सहज जाते. नेहमीच्या बॉलनं आठ-दहा, आणि तुटते ती बहुतेक रुंद फोरहँडवर, कारण तिथं पोचायला उशीर होतो आणि हात परत एकटा पडतो. उजवीकडच्या जाळीत जाणारे बॉल जवळजवळ थांबले आहेत. दोन हातांचा बॅकहँड फोरहँडपेक्षा भरवशाचा झाला आहे. याचं मला नवल वाटत नाही, कारण त्याला मोडायची जुनी सवयच नव्हती. सर्व्हिस कच्ची आहे.

कोपर एप्रिलनंतर दुखलेलं नाही, पण व्यायाम चालू आहे आणि कारखान्यात चक आवळायचं काम आता आळीपाळीनं होतं. ती ३१५ ग्रॅमची रॅकेट घरीच आहे. तार बदलून मुलगी मोठी झाल्यावर तिला देणार म्हणतात.

मे महिन्यात आमच्या आमच्यातच दुहेरीचे सामने झाले. दादा आणि त्यांचे जोडीदार पहिल्याच फेरीत हरले, २-६. मामांनी त्या दिवशी दादांच्या बाजूला गोणपाट दोनदा फिरवलं.

पुन्हा तशीच वेळ आली तर

पहिल्या दिवसाचा प्रश्न मी बदलला आहे. "आधी काय खेळलायसा?" असं विचारलं की माणूस टेनिसशी जुळणारा एकच खेळ सांगतो. आता मी विचारते, लहानपणापासून कुठले कुठले खेळ खेळलात, आणि त्यात तुमची जागा कुठली होती. कबड्डीत चढाई करणारा आणि कोपरा सांभाळणारा यांचे पाय वेगळे असतात. खो-खो खेळलेल्या एका ताईंना दिशा बदलणं शिकवावंच लागलं नाही. कुस्ती केलेल्या माणसाचा तोल खाली असतो, त्याला वाकायला सांगावं लागत नाही, उठायला सांगावं लागतं.

रॅकेटबद्दल मी आता आधीच बोलते. पहिले तीन महिने विकत घेऊ नका, माझ्याकडची वापरा, घेताना मला सोबत न्या. समोरच्याचा हिरमोड होईल म्हणून गप्प बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे, हे मी दादांच्या कोपरामुळं शिकले.

ग्रिप पहिल्या दोन महिन्यांत अगदीच वेडीवाकडी नसेल तर मी हात लावत नाही. आधी व्हिडिओ, तोही बाजूनं आणि पूर्ण शरीर दिसेल असा. त्यात बघायचं ते एकच : बॉल टप्पा घेतो त्या क्षणी रॅकेट कुठं आहे?

एका गोष्टीवर माझं मन अजून पक्कं झालेलं नाही. मोठ्या माणसांना पहिल्याच दिवशी नारिंगी बॉल द्यावा का? दिला असता तर दादांचे तीन महिने आणि कोपर दोन्ही वाचलं असतं, असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, नोव्हेंबरात तो बॉल बघून ते दुसऱ्या दिवशी आलेच नसते. नेहमीच्या बॉलनं थकल्यावरच त्या चौदा बॉलांची किंमत त्यांना कळली. येत्या दिवाळीनंतरच्या बॅचला मी पहिला आठवडा रॅकेटच द्यायची नाही असं ठरवलं आहे. नुसते झेल. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बॉलचा रंग न सांगता, ६० फुटांच्या कोर्टावर रॅली. दादांना विचारलं तर म्हणाले, पहिल्या आठवड्यात मीच उभा राहतो झेल टाकायला.